थोर संघ कशावरून म्हणायचा?

४ जुलै १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात हंगेरीचा संघ विश्वचषकाचा अंतिम सामना पश्चिम जर्मनीकडून ३-२ असा हरला. बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००४ रोजी, लिस्बनमध्ये ग्रीसच्या संघाने यजमान पोर्तुगालला १-० असे हरवून युरोपचे अजिंक्यपद मिळवले. जगातल्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ राष्ट्रीय फुटबॉल संघांची यादी करायला कोणत्याही जाणकाराला बसवा, हरलेला हंगेरी तिच्यात असतो आणि जिंकलेला ग्रीस नसतो. ग्रीसच्या पराक्रमाला यात उणे लेखण्याचे कारण नाही. ऑटो रेहागेल यांच्या त्या संघाने बाद फेरीत गतविजेता फ्रान्स, त्या स्पर्धेत सर्वांत आकर्षक खेळणारा चेक प्रजासत्ताकाचा संघ आणि पोर्तुगाल अशा तिघांना एकेका गोलने नमवले, आणि तीनही सामन्यांत स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. तरीही करंडक हाच एकमेव निकष मानणाऱ्यांच्या यादीतसुद्धा त्याला जागा मिळत नाही. याचा अर्थ त्यांच्या मनातही करंडकापलीकडचा एक निकष काम करत असतो, तो उघडपणे मांडलेला नसतो एवढेच. प्रस्तुत पुस्तक हा निकष उघड्यावर आणू पाहते. ‘सर्वश्रेष्ठ कोण’ या प्रश्नावर वाद पुष्कळ झाले; ‘कशावरून’ हा त्याच्या आधीचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारलाच जात नाही.

राष्ट्रीय संघाला क्लबच्या मापाने मोजता येत नाही, ही या विषयातली पहिली गोष्ट. क्लबला उणीव जाणवली की तो खेळाडू विकत घेतो. पैसा कमी पडला तर मालक बदलतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकापुढे असा पर्याय नसतो. देशात चांगला डावखुरा बचावपटू घडला नसेल तर तो नाही. जे आहेत त्यांनाच घेऊन, वर्षाकाठी मिळणाऱ्या मोजक्या दिवसांत, संघ उभा करायचा. म्हणून राष्ट्रीय संघ हा त्या देशाने वीस-पंचवीस वर्षे आपल्या गल्ल्यांत, शाळांत आणि क्लबांत मुलांना काय शिकवले याचा एका घटकेपुरता दिसणारा हिशेब असतो. आपल्याकडे गाण्यात घराणे हा शब्द आहे. गळा गायकाचा स्वतःचा असतो, पण स्वर कसा लावायचा, लयीशी कसे वागायचे, काय वर्ज्य मानायचे हे घराण्यातून येते. फुटबॉलमध्येही अशी घराणी आहेत, आणि त्यांची तालीम ज्यात सर्वांत स्वच्छ ऐकू येते असा आविष्कार म्हणजे राष्ट्रीय संघ. या दृष्टीने पाहिले तर थोर संघाची व्याख्या अशी करावी लागेल: ज्याने आपल्या काळातल्या प्रतिस्पर्ध्यांना असा पेच घातला की तो सोडवण्यासाठी त्यांना आपला खेळ मुळातून बदलावा लागला, आणि ज्याने हे एका महिन्याच्या स्पर्धेपुरते न करता काही वर्षे सतत करून दाखवले. करंडक हा या व्याख्येत पुरावा म्हणून येतो. निकालपत्र म्हणून येत नाही. या प्रस्तावनेतले सारे विवेचन या एका विधानाच्या समर्थनासाठी आहे.

घराण्यांचा हा इतिहास साधारणपणे १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू होतो. तोवर फुटबॉल ही इंग्रजांनी शिकवलेली आणि इंग्रजांच्याच मापाने तोलली जाणारी गोष्ट होती. वीस लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या उरुग्वेने त्या वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाला ७-० असे हरवून सुरुवात केली आणि सुवर्णपदक नेले. छोटे पास, अंगाशी ठेवलेला चेंडू आणि होसे लेआंद्रो आंद्रादे या कृष्णवर्णीय हाफबॅकचा डौल युरोपच्या प्रेक्षकांना सर्वस्वी नवा होता. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पुन्हा सुवर्ण आणि १९३० मध्ये पहिल्या विश्वचषकात अर्जेंटिनावर ४-२ असा विजय. प्लाटा नदीच्या दोन काठांवरचे हे घराणे युरोपात फारसे लिहिले गेले नाही, म्हणून त्याचे मोल कमी धरण्याची चूक आजही होते. त्याच सुमारास डॅन्यूब नदीकाठी, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि प्राग या शहरांत, दुसरे घराणे आकार घेत होते. त्याचा एक गुरू होता जिमी होगन हा इंग्रज प्रशिक्षक, ज्याच्या शिकवणीची त्याच्या मायदेशाने फारशी कदर केली नाही. ह्यूगो माइझल यांच्या ऑस्ट्रियाने १९३१ मध्ये स्कॉटलंडला ५-० असे हरवले. सडपातळ मातियास झिंडेलार हा त्या संघाचा कणा होता. हा संघ १९३४ च्या उपांत्य सामन्यात इटलीकडून एका गोलने हरला आणि १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा नकाशावरूनच पुसला गेला. व्हित्तोरियो पोत्सो यांच्या इटलीने १९३४ आणि १९३८ असे लागोपाठ दोन विश्वचषक आणि मधले १९३६ चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. करंडक मोजायचे तर हा संघ कोणाच्याही मागे नाही. त्याच्यावर फॅसिस्ट राजवटीची सावली आहे, पण माझ्या मते तो अनेक याद्यांच्या शिखरावर नसण्याचे कारण वेगळे आहे: त्याने जगाला नवा पेच घातला नाही, होता तोच खेळ इतरांपेक्षा कसून आणि शिस्तीने खेळला.

हंगेरीजवळ मात्र थांबावेच लागते, कारण या वादाची खरी कसोटी तिथे आहे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलल्यावर इंग्लंडमध्ये तीन बचावपटूंची रचना रूढ झाली होती. मधला बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या नऊ नंबरच्या सेंटर फॉरवर्डला चिकटून राही आणि सारी व्यवस्था या एका गृहीतावर उभी होती. बुडापेस्टच्या एमटीके क्लबमध्ये मार्टोन बुकोवी यांनी या गृहीताला सुरुंग लावला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड पुढे उभा न राहता मागे, मधल्या फळीत येऊन खेळू लागला. राष्ट्रीय प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांनी ही कल्पना उचलली आणि नांदोर हिदेगकुटीकडे ती भूमिका सोपवली. आता त्याच्या मागे जावे तर बचावाच्या मधोमध खिंडार पडते आणि तिथून पुश्काश आणि कोचिश घुसतात. जागेवर थांबावे तर हिदेगकुटी मोकळा राहतो. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनला हा पेच नव्वद मिनिटे सुटला नाही. पहिल्याच मिनिटात हिदेगकुटीने गोल केला, पुढे आणखी दोन केले, आणि ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही संघाकडून घरच्या मैदानावर न हरलेला इंग्लंड ६-३ असा हरला. पेच आता माहीत होता, सहा महिने विचाराला मिळाले होते, तरी मे १९५४ मध्ये बुडापेस्टला निकाल लागला ७-१. दुसरा निकाल पहिल्यापेक्षा अधिक बोलका आहे. अचानक बसलेला धक्का एकदा बसतो. उत्तर माहीत नसलेला प्रश्न मात्र पुन्हा विचारला तरी अडवतोच.

या संघाने १९५२ चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, १९५० पासून बर्नपर्यंत तो एकही सामना हरला नाही, आणि १९५४ च्या विश्वचषकात पाच सामन्यांत त्याने २७ गोल केले. त्यांतले ११ एकट्या शांदोर कोचिशचे. साखळीत हंगेरीने जर्मनीला ८-३ असे हरवले होते, पण त्याच सामन्यात पुश्काशचा घोटा जायबंदी झाला. उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलशी झालेली हाणामारीची लढत, उपांत्य फेरीत उरुग्वेविरुद्धचा जादा वेळेपर्यंत ताणलेला सामना, आणि मग पावसाने भिजलेल्या मैदानावरचा अंतिम सामना. आठ मिनिटांत दोन गोलांची आघाडी घेऊनही हंगेरी हरला. जर्मनीचा तो विजय निखळ होता. झेप हर्बर्गर यांच्या संघाची चिकाटी आणि हेल्मुट रानचा ८४ व्या मिनिटाचा गोल यांचे श्रेय कोणी हिरावू नये. पण त्यानंतर जगाने अनुकरण कोणाचे केले ते पाहा. मँचेस्टर सिटीने डॉन रेव्हीला मागे ओढून हिदेगकुटीची नक्कल उभी केली आणि १९५६ चा एफए कप जिंकला. वेम्बलीवरच्या त्या पराभवात उजव्या बाजूला बचाव करणारा अ‍ॅल्फ रॅमसे पुन्हा इंग्लंडकडून खेळला नाही. तेरा वर्षांनी त्याच मैदानावर त्याने प्रशिक्षक म्हणून इंग्लंडला विश्वचषक जिंकून दिला तो विंगरांशिवायचा, जुन्या इंग्लिश रचनेशी नाते तोडलेला संघ घेऊन. बेला गुटमान हा हंगेरियन प्रशिक्षक १९५७ मध्ये साओ पाउलो क्लबमध्ये गेला आणि तिथे चार बचावपटूंची रचना घेऊन अजिंक्य ठरला. पुढच्याच वर्षी ब्राझील तीच रचना घेऊन स्वीडनला उतरला. ब्राझीलचे स्वतःचे प्रशिक्षकही त्याच दिशेने प्रयोग करत होते, तेव्हा सारे श्रेय एकट्या गुटमानला देणे चूक ठरेल. पण वारा कुठून वाहत होता हे स्पष्ट आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. हंगेरीचा संघ हुकूमशाही राज्याने घडवला होता. बहुतेक खेळाडू सैन्याच्या होन्वेद क्लबात एकत्र केले गेले, त्यामुळे राष्ट्रीय संघाला वर्षभर एकत्र सराव करता आला. अशी सोय इंग्लंडला कुठे होती? ही गोष्ट खरी आहे आणि या संघाच्या यशाच्या कारणांत ती आलीच पाहिजे. पण खेळाडू एकत्र आणले म्हणून कल्पना सुचत नाही. त्या काळी पूर्व युरोपातल्या इतर देशांतही सैन्याचे क्लब होते आणि त्यांच्याही हाती तीच यंत्रणा होती; हिदेगकुटीची भूमिका मात्र बुडापेस्टमध्ये जन्मली, तीही होन्वेदबाहेरच्या क्लबात. शिवाय हाच न्याय लावायचा तर बार्सिलोनाच्या सहा-सात खेळाडूंवर उभा असलेला २०१० चा स्पेनही बाजूला काढावा लागेल. राष्ट्रीय संघ कुठल्यातरी क्लबच्या ओट्यावरच उभा राहतो. १९५६ च्या उठावानंतर पुश्काश रेआल माद्रिदला गेला, कोचिश आणि झिबोर बार्सिलोनाला गेले, आणि ज्या राज्याने संघ जुळवला त्याच्याच दडपशाहीने तो उधळला गेला.

ब्राझीलविषयी लिहिताना एक गोड समजूत आड येते: हे लोक उपजत खेळतात, त्यांना शिकवावे लागत नाही. १९५८ च्या संघाच्या तयारीकडे पाहिले की ही समजूत टिकत नाही. त्या पथकाबरोबर दंतवैद्य होता, मानसशास्त्रज्ञ होता, आणि चार बचावपटूंची रचना काटेकोरपणे बसवलेली होती. उपांत्य फेरीपर्यंत ब्राझीलवर एकही गोल झाला नाही. सतरा वर्षांचा पेले आणि वाकड्या पायांचा गारिंचा मोकळे खेळू शकले ते मागची भिंत पक्की होती म्हणून. हे दोघे एकत्र खेळले तेव्हा ब्राझील कधीही हरला नाही, आणि १९६२ मध्ये पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाल्यावर गारिंचाने जवळपास एकहाती करंडक राखला. १९७० चा संघ याच परंपरेचे फळ. मेक्सिकोच्या उंचीवर टिकण्यासाठी त्याने महिनोन्‌महिने शास्त्रशुद्ध शारीरिक तयारी केली होती. झागालो यांनी पेले, टोस्टाओ, जेर्सन, रिव्हेलिनो आणि जैरझिन्हो असे पाच कल्पक खेळाडू एका संघात बसवले. असे पाच जण एकमेकांच्या पायात येतील असे तेव्हा जाणकार सांगत होते. सहाच्या सहा सामने जिंकून, १९ गोल करून ब्राझीलने ज्युल्स रिमे करंडक कायमचा घरी नेला. अंतिम सामन्यात इटलीवर कार्लोस आल्बेर्तोने केलेला चौथा गोल हा फुटबॉलमधला सर्वांत जास्त वेळा पाहिला गेलेला सांघिक गोल असावा. या ‘पाहिला गेलेला’ शब्दाकडे मात्र सावधपणे बघायला हवे. १९७० ची स्पर्धा जगातल्या अनेक देशांत पहिल्यांदा रंगीत दिसली. पिवळे सदरे, निळ्या चड्ड्या आणि मेक्सिकोचे ऊन डोळ्यांत राहिले. हंगेरीचे मात्र काळेपांढरे, तुटक चित्रीकरण उरले. आपल्या याद्यांवर कॅमेऱ्याची ही छाया पडलेली असते. १९७० चा संघ थोर होता यात संशय नाही, पण त्याने घातलेला पेच १९५८ मध्येच घालून झालेला होता. म्हणून मी ब्राझीलचा विचार १९५८ ते १९७० असा सलग करतो, आणि तसा केला तर हंगेरीच्या बरोबरीला येणारा तो एकच संघ ठरतो.

१९७४ चा नेदरलँड्स ही दुसरी मोठी कसोटी. रिनुस मिखेल्स आणि योहान क्रॉइफ यांचा हा संघ म्हणजे मुळात आयाक्सची तालीम. त्या क्लबने १९७१ ते १९७३ असे सलग तीन युरोपियन कप जिंकले होते. बचावपटू पुढे धावतो, त्याची जागा आघाडीचा खेळाडू घेतो, चेंडू गेला की सगळे मिळून तो परत मिळवायला तुटून पडतात. या खेळाचा गाभा जागांची अदलाबदल हा नव्हताच; मैदान आपल्या सोयीने मोठे आणि लहान करता येते ही जाण त्याच्या मुळाशी होती. चेंडू आपल्याकडे असताना मैदान रुंद करायचे, गेला की आवळायचे. अर्जेंटिनाला ४-० आणि ब्राझीलला २-० असे हरवून हा संघ म्युनिकच्या अंतिम सामन्यात आला. तोवर त्याच्यावर झालेला एकमेव गोल स्वतःच्याच खेळाडूकडून झालेला होता. दुसऱ्याच मिनिटाला नीस्केन्सने पेनल्टीवर गोल केला आणि तरीही पश्चिम जर्मनी २-१ असा जिंकला. इथे बर्नची पुनरावृत्ती म्हणून हळहळणाऱ्यांना थोडे थांबवायला हवे. बेकेनबाउअर आणि म्युलर यांचा तो जर्मन संघ १९७२ मध्ये युरोपचा विजेता होता, त्या वर्षी वेम्बलीवर इंग्लंडला ३-१ असे हरवून आलेला होता, आणि बचावाच्या मागून खेळ रचणारा बेकेनबाउअर हा स्वतः एक नवा विचार होता. हरलेल्या संघाची ओढ लागली की जिंकलेल्याकडे नीट पाहिले जात नाही. हा दोष सौंदर्यवाद्यांत फार आहे आणि या पुस्तकाने तो टाळण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे.

डच पेच पुढे कुठे गेला, ते शोधत गेले की स्पेन लागतो. क्रॉइफ १९७३ मध्ये खेळाडू म्हणून बार्सिलोनाला गेला, १९८८ मध्ये प्रशिक्षक म्हणून परतला, आणि त्याने घालून दिलेल्या तालमीतून शावी आणि इनिएस्ता यांची पिढी आली. लुइस आरागोनेस आणि नंतर व्हिसेंते देल बोस्के यांच्या हाताखाली स्पेनने २००८ चा युरो, २०१० चा विश्वचषक आणि २०१२ चा युरो जिंकला. २०१० मध्ये सात सामन्यांत आठच गोल केले म्हणून या संघाला कंटाळवाणा म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एक आकडा शेजारी ठेवावा: या तीन स्पर्धांतल्या बाद फेरीच्या दहाही सामन्यांत स्पेनवर एकही गोल झाला नाही. चेंडू जवळ ठेवणे हाच बचाव, हा त्यांचा पेच होता. जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर नेदरलँड्सच होता, आणि क्रॉइफचे घराणे त्या रात्री स्पॅनिश सदऱ्यात खेळत होते. डच संघ आडदांडपणा करत होता. चार वर्षांनी याच नेदरलँड्सने स्पेनला ५-१ असे हरवले. जगाला तोवर उत्तर सापडले होते. ज्या पेचाचे उत्तर शोधायला सहा वर्षे लागतात तो पेच लहान नसतो.

आता निकाल देणाऱ्यांच्या पंथांविषयी. एक पंथ करंडक मोजणाऱ्यांचा. त्याची अडचण ग्रीसच्या उदाहरणात दिसलीच. दुसरा आकडेवारीवाल्यांचा. हंगेरीत जन्मून अमेरिकेत गेलेल्या आर्पाद एलो या भौतिकशास्त्रज्ञाने बुद्धिबळासाठी गुणांकन तयार केले होते. प्रतिस्पर्धी किती बलवान होता हे लक्षात घेऊन गुण देण्याची ती पद्धत फुटबॉलला लावली गेली, आणि २०१८ पासून फिफाची क्रमवारीही तिच्यावर बेतलेली आहे. तिचे मोल मी मानतो: ती संघाला त्याच्या काळाच्या तुलनेत मोजते, म्हणून ‘आजचा साधा संघही १९५३ च्या हंगेरीला धावून दमवेल’ हा पोरकट आक्षेप तिथे आपोआप गळून पडतो. भिजला की जड होणारा चामड्याचा चेंडू, जायबंदी खेळाडूच्या जागी दुसरा न घेण्याचा नियम, आजच्या आहार आणि वैद्यकाचा अभाव या अटी दोन्ही बाजूंना सारख्याच होत्या. तुलना त्या अटींच्या आत करायची. जुन्या निकालांना हे गणित लावले तर १९५४ चा हंगेरी आजही अगदी वरच्या जागांमध्ये येतो. गणिताला एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे विचार कुठे गेला. तिसरा पंथ सौंदर्यवाद्यांचा, आणि त्यांचे दैवत १९८२ चा ब्राझील. टेले सांताना यांचा तो संघ, झिको, सॉक्रेटिस आणि फाल्काओ यांच्यासह, ५ जुलै १९८२ रोजी बार्सिलोनात इटलीच्या पाओलो रोसीच्या तीन गोलांपुढे ३-२ असा हरला. माझ्या निकषावर या संघाला शिखराजवळ जागा मिळत नाही, हे मला स्पष्ट म्हटले पाहिजे. तो अतिशय देखणा होता. पण त्याने कोणाला खेळ बदलायला लावले? उलट त्याच्या पराभवाने ब्राझीललाच बदलले, आणि १९९४ चा, डुंगाच्या नेतृत्वाखालचा सावध विजेता संघ त्यातून आला. प्रभाव हाच निकष धरला की तो आवडत्या संघाच्या विरोधातही जाऊ शकतो आणि तो जाऊ द्यावा लागतो. याच न्यायाने १९८६ चा अर्जेंटिना ‘एकट्या मॅराडोनाचा’ म्हणून सोडून देता येत नाही. कार्लोस बिलार्दो यांची तीन बचावपटू आणि भरलेल्या मधल्या फळीची रचना पुढच्या दहा वर्षांत अनेक देशांनी उचलली. २०२१ चा कोपा, २०२२ चा विश्वचषक आणि २०२४ चा कोपा जिंकणाऱ्या मेस्सीच्या अर्जेंटिनाबद्दल मात्र आत्ताच निकाल देणे घाईचे होईल. त्याचा ठसा उमटायला अजून वेळ लागेल.

या निकषावरचा सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे: प्रभाव पडायला आधी कोणीतरी पाहावे लागते, आणि पाहण्याचा हक्क जगात सारखा वाटलेला नाही. इजिप्तने २००६, २००८ आणि २०१० असे सलग तीन आफ्रिका चषक जिंकले. हसन शेहाता यांचा हा संघ २००९ मध्ये ब्राझीलशी ४-३ असा झुंजला आणि विश्वविजेत्या इटलीला त्याने १-० असे हरवले. पण पन्नासावर देशांच्या खंडाला तेव्हा विश्वचषकात पाच जागा होत्या, आणि हा संघ तिथे कधी पोहोचलाच नाही. महिलांच्या फुटबॉलवर तर पाहण्याचीच बंदी होती. इंग्लंडच्या संघटनेने १९२१ मध्ये महिलांना आपल्या मैदानांवरून हाकलले आणि ही बंदी पन्नास वर्षे टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत कायद्यानेच मनाई होती. त्यामुळे महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये उजाडला. अमेरिकेने १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार जिंकले. १९७२ च्या कायद्याने विद्यापीठांतल्या क्रीडा-संधी मुलींना खुल्या झाल्या, त्या व्यवस्थेचे हे फळ. जर्मनीने २००७ ची संपूर्ण स्पर्धा एकही गोल न स्वीकारता जिंकली. आणि अमेरिकी वेग आणि ताकदीच्या पेचाला उत्तर म्हणून २०२३ चा स्पेन उभा राहिला. पेच आणि उत्तर यांची साखळी इथेही तशीच आहे, म्हणून या पुस्तकाने महिलांचे संघ शेवटच्या वेगळ्या प्रकरणात न ढकलता मुख्य ओघात घेतले आहेत. हा निर्णय मला पूर्णपणे पटतो.

मराठी वाचकाला या विषयाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला, आणि त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात २-० असे हरवून हंगेरीने सुवर्ण घेतले. हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी या काळातला युरोपीय विचार नेमका टिपला. १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, ते मूळच्या गोव्याच्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाच्या तीन गोलांवर. भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून आशियाई सुवर्ण मिळाले, तेव्हा संघात गोव्याचाच फोर्तुनातो फ्रँको होता. रहीम १९६३ मध्ये कर्करोगाने गेले आणि त्यांच्यामागे ती तालीम चालवणारी व्यवस्था उरली नाही. घराणे म्हणजे काय हे त्याच्या अभावातूनही कळते, आणि आपल्याला ते असे कळले आहे. पुढे १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनवरून घरोघर दिसला आणि आपल्याकडच्या बहुतेकांची स्मृती तिथून सुरू होते. कोल्हापूरच्या पेठापेठांत विश्वचषकाच्या दिवसांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे समोरासमोर लागतात, त्या निष्ठा खऱ्या आहेत आणि त्यांत मोठी गोडी आहे. पण त्या निष्ठांना १९२४ पासूनचा इतिहास माहीत झाला तर वाद अधिक रंगेल, आणि मराठीत ही माहिती सलग सांगणारे लेखन फार थोडे आहे.

आजच या पुस्तकाची गरज वाटण्याचे आणखी एक कारण आहे. खेळाडू लहानपणीच दुसऱ्या देशातल्या अकादमीत जातात, सगळे क्लब सारख्याच पद्धती शिकवतात, विश्वचषक २०२६ पासून अठ्ठेचाळीस संघांचा झाला आहे. अशा काळात वेगवेगळ्या देशांचा वेगवेगळा खेळ ही गोष्टच विरळ होऊ लागली आहे. जुना संघ म्हणजे दोन मिनिटांची चित्रफीत, एवढीच त्याची ओळख उरते. या पुस्तकातल्या लेखांनी प्रत्येक संघ त्याच्या पूर्ण सामन्यांतून, त्याच्या गुरूंमधून आणि त्याला हरवणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाहिला आहे. क्रमांक लावलेले नाहीत. ते वाचकांवर सोडले आहेत. माझा क्रम मी लपवलेला नाही: पहिला हंगेरी, त्याच्या खांद्याला खांदा लावून ब्राझील, मग नेदरलँड्स आणि स्पेन. वाचकाने तो खोडून काढावा, पण सामने पाहून आणि कारण देऊन. खोडण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की १९५० च्या जूनपासून १९५६ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानने हरवेपर्यंत हंगेरीचा संघ एकच सामना हरला, आणि तो बर्नचा होता.